हौशी फोटोग्राफर आणि पहिलं लग्न : तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. माझ्या मावसबहिणीचं लग्न दीड महिन्यावर आलंय, कराडला, आणि फोटो मी काढायचे असं घरात ठरलंय. मावशी-काकांचे पैसे हॉल आणि जेवणातच संपलेत, आणि गेल्या वर्षी आजीच्या पंचाहत्तरीला मी काढलेले फोटो सगळ्यांना आवडले होते, तर मावशी म्हणाली तूच काढ गं, बाहेरचा माणूस कशाला. मी हो म्हणाले आणि त्या रात्रीपासून झोप उडालीय. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा), त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स आणि एक ५० एमएम एफ १.८, कमी उजेडात चालणारी. फ्लॅश मैत्रिणीचा मिळतोय पण मी कधी वापरलेला नाही. आजवर मी फक्त पक्षी आणि गडकिल्ले काढलेत. पक्षी उडाला तर दुसरा येतो, अंतरपाट एकदाच दूर होतो.

ज्यांनी हौशीने पहिलं लग्न काढलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, काय तयारी केलीत, काय राहून गेलं. व्हिडिओ पुष्कळ बघितले पण ते सगळे परदेशातल्या लग्नांचे, आपल्याकडे मंगलाष्टका सुरू झाल्या की स्टेजवर पन्नास माणसं चढतात तेव्हा काय करायचं हे कुणी सांगत नाही.

* * *

ताई, सगळ्यात आधी हॉल बघून ये, आणि मुहूर्ताच्याच वेळेला जा. मी जिवलग मित्राचं लग्न काढलं चिपळूणला, हॉल आदल्या आठवड्यात बघितला होता पण भर दुपारी, मोठ्या खिडक्या, छान उजेड, मी खूश. लग्न होतं गोरज मुहूर्तावर. संध्याकाळी खिडक्या काळ्या, वर एलईडीच्या माळा आणि फोकस, आणि माझ्या फोटोंत काळपट आडवे पट्टे यायला लागले. मला वाटलं कॅमेरा बिघडला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण शटर फास्ट असलं की पकडलं जातं. शटर १/१०० सेकंदावर आणलं आणि पट्टे जवळपास गेले, पण हे सुचेपर्यंत अर्धं सीमांतपूजन होऊन गेलं होतं.

फ्लॅशचं म्हणशील तर समोर तोंड करून मारू नको, छत पांढरं असेल तर वर वळवून मार, उजेड मऊ पडतो. पण आधी छत बघ. आमच्याकडे डेकोरेशनवाल्याने वर गुलाबी कापड ताणलं होतं, त्यावरून आलेला उजेड सगळ्यांच्या तोंडावर गुलाबी, आणि नवरीच्या पिवळ्या अष्टपुत्रीचा रंग काही केल्या नीट होईना. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढले होते म्हणून नंतर थोडंफार सावरता आलं. रॉ मध्येच काढ, जागा जास्त लागते, २४ मेगापिक्सेलला एक फोटो साधारण २५-३० एमबी, म्हणून ६४ जीबीची दोन कार्डं तरी ठेव आणि एकावरच सगळं लग्न काढू नको.

आणि अंतरपाट. मी नवरदेवाच्या मागे उभा राहिलो, का तर तिथून नवरी समोर दिसत होती. अंतरपाट बाजूला झाला, नवरीचा चेहरा मस्त मिळाला, आणि माझ्या मित्राचा मिळाला नुसता फेटा. ज्या मित्रासाठी गेलो होतो त्याचं तेव्हाचं तोंड माझ्याकडे नाही, आज सहा वर्षं झाली तरी ते मला लागून राहिलंय. उभं राहायचं ते अंतरपाटाच्या टोकाला, कापड धरणाऱ्याच्या खांद्याशी, म्हणजे दोघं बाजूने दिसतात. पण ती जागा ऐनवेळी मिळत नाही, तिथे मामा असतो, करवली असते, मोबाइल वर केलेले दहा हात असतात. पुढच्या लग्नाला मी गुरुजींना आदल्या दिवशी फोन केला, कुठे उभे करणार, कापड कोण धरणार, कुठल्या बाजूला ओढणार, सगळं विचारलं, तर ते म्हणाले तू माझ्या डाव्या हाताला थांब, तिथे मी कुणाला येऊ देत नाही. गुरुजींइतका मोठा मदतनीस लग्नात दुसरा नाही.

* * *

मी कोल्हापूरचा, वय ६८. तुमचं डिजिटल आहे तरी आमच्या वेळचं सांगतो. १९८७ साली शेजारच्या मुलीचं लग्न मी काढलं. कॅमेरा मोठ्या भावाचा, ३६ फोटोंचे तीन रोल. त्यातले दोन कलर, एक ब्लॅक अँड व्हाइट, कारण कलर महाग. सकाळपासून मी अगदी मोजून मापून काढत होतो. देवक, गौरीहार, मुलीला मामाने आणलं ते, अंतरपाट, माळा. आकडा ३६ च्या पुढे गेला, मला वाटलं एखाददुसरा जास्त बसतोच. ३८ झाला, तरी खटका ओढला की पुढे जातोय. तेव्हा पोटात गोळा आला. रिवाइंडची कळ फिरवली तर हाताला जोरच लागेना. आतल्या खोलीत गाद्यांच्या ढिगाखाली हात घालून अंधारात कॅमेरा उघडला, चाचपून बघितलं, फिल्मचं टोक चक्रात अडकलेलंच नव्हतं. सकाळपासून एकही फोटो आलेला नव्हता.

मुलीचे वडील पंगतीत तूप वाढत होते. त्यांना बाजूला बोलावून सांगितलं. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत, तुपाची वाटी तशीच हातात. मग म्हणाले, आधी जेव, मग बघू. जेवणं झाल्यावर त्यांनी गुरुजींना थांबवून घेतलं, मुलाला-मुलीला परत बोहल्यावर उभं केलं, पुन्हा अंतरपाट धरला, पुन्हा माळा घातल्या. तो फोटो त्यांच्या घरात अजून भिंतीवर आहे. त्यात मागे खुर्च्या एकावर एक रचलेल्या दिसतात आणि मुलगी मनापासून हसतेय. मंगलाष्टकांच्या वेळी ती रडत होती, ते मात्र कुठेच नाही.

तेव्हापासून रोल भरला की दोन खटके ओढून डावीकडची कळ फिरतेय का ते बघितल्याशिवाय मी कॅमेरा डोळ्याला लावला नाही. तुम्ही कार्ड घातलं की दोन फोटो काढून ते परत उघडून बघा. आणि लपवू नका, काही बिघडलं तर लगेच सांगा, वेळेत सांगितलं तर माणसं सावरून घेतात.

* * *

हळदीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय. जळगावला नणंदेच्या हळदीत माझ्या लेन्सच्या झूम रिंगमध्ये ओली हळद गेली, वाळल्यावर रिंग अडकायला लागली, साफ करायला बाराशे रुपये गेले. पारदर्शक पिशवी घेऊन लेन्सच्या तोंडाला रबरबँडने बांध, पुढची काच तेवढी उघडी. तिथे लेन्स अजिबात बदलू नको. आणि एक ओला, एक कोरडा असे दोन रुमाल कमरेला खोचून ठेव, कारण तुलाही हळद लावणारच, सोडणार नाहीत.

* * *

जय भीम. मी नागपूरची. माझं पहिलं लग्न आत्येभावाचं, बौद्ध पद्धतीचं. आमच्याकडे नवरा-नवरी दोघंही पांढऱ्या कपड्यांत, पाहुण्यांतही पांढऱ्या साड्या भरपूर, मागे पांढरा पडदा, समोर टेबलावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, तिथेही पांढरी फुलं. कॅमेऱ्याला एवढं पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला आणि तो फोटो काळवंडून टाकतो, पांढरं राखाडी होतं आणि चेहरे आणखी सावळे. हे मला आधी माहीत होतं ते एका दादामुळे, त्यांनी सांगितलं घरी करून बघ. मी आठवडाभर आधी आईची पांढरी साडी खुर्चीवर पसरली, बाजूला लहान भावाला बसवलं आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण, एक, दीड असं वाढवत गेले. एकच्या पुढे साडीची जर आणि चुण्या दिसेनाशा झाल्या, एकला चेहराही नीट आणि जरही. लग्नाच्या दिवशी तिथूनच सुरुवात केली. सरावाचा असा एक तास दहा व्हिडिओंपेक्षा कामाला आला.

दुसरं म्हणजे त्रिशरण-पंचशील चालू असताना हॉल एकदम शांत असतो, सगळे हात जोडून. त्या शांततेत माझ्या कॅमेऱ्याचा खटॅक खटॅक आवाज मलाच नको झाला. सायलेंट मोड होता, मला शोधायचा माहीत नव्हता. मी मग कॅमेरा खाली ठेवून हात जोडून उभी राहिले, पंचशील संपल्यावर पुष्पहारापासून परत सुरू केलं. ते फोटो कमी आले त्याचं मला वाईट वाटत नाही.

* * *

मी काढलेलं लग्न चर्चमधलं, गोराईचं, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांचं. फादरना आठवडाभर आधी भेटलो, ते म्हणाले मिस्सा चालू असताना फ्लॅश नाही, वेदीच्या पुढे यायचं नाही, बाकी काढ. त्यामुळे ५० एमएम १.८ वर आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० वर सगळं निभावलं, दाणे आले पण चालतं. चुकलो ते दारात. नवरी वडिलांचा हात धरून आत आली तेव्हा मागे उघडं दार आणि बाहेर कडक ऊन, कॅमेऱ्याने उन्हाचं माप घेतलं आणि दोघांची नुसती सावली आली. चेहऱ्यावर माप घ्यायला हवं होतं. दाराचा त्रास मंडपातही तसाच होतो.

आदल्या दिवशीचं उंबराचं पाणी मात्र जमलं, बँड वाजत असतो, बायका कळशा घेऊन विहिरीवर निघतात, उजेडाची चिंता नाही. मोठ्या दिवसाआधी असा एखादा कार्यक्रम काढून बघ, हात मोकळा होतो, आणि मुख्य म्हणजे कोण कुणाची काकी, कोण रुसलेलं, कोण कुणाशेजारी उभं राहणार नाही, हे कळतं. ग्रुप फोटोला दोन्हीकडचा एकेक माणूस हाताशी ठेव, नावं घेऊन हाका मारणारा.

* * *

मी फोटोग्राफर नाही, मी नवरी होते. माझं लग्न माझ्या सख्ख्या दादाने काढलं, पुण्यात, चार वर्षांपूर्वी. फोटो इतके सुंदर आहेत की अजूनही लोक विचारतात कोण होता. त्याला घरातली सगळी माणसं माहीत होती. आमची आजी रुखवताच्या टेबलाशी एकटी उभी राहून मी केलेल्या विणकामावरून हात फिरवत होती, तिकडे बाहेरच्या माणसाने वळूनही बघितलं नसतं. दादाने तो काढला. आजी गेली त्यानंतर वर्षभरात, आणि तो फोटो मी देवघराशेजारी लावलाय.

पण आठशे फोटोंत दादा कुठे आहे? लाजाहोमाला भावाने बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या असतात, तर त्याने कॅमेरा गळ्यात अडकवूनच घाईघाईने घातल्या. त्या लाह्यांचा फोटो आहे, तो त्यानेच एका हाताने काढलेला, त्यात त्याची बोटं तेवढी दिसतात. कानपिळीचा तर नाहीच, कान पिळणारा तोच. बोटांवर होमाची राख आणि एका नखाला हळद, एवढाच माझा दादा माझ्या लग्नात आहे. तो म्हणतो मला काही वाटत नाही, पण मला वाटतं.

तर ताई, तू घरचीच आहेस. तुझा मान कुठे आहे ते आधी विचार, आणि तेवढ्या वेळापुरता कॅमेरा कुणाच्या तरी हातात दे, सेटिंग लावून दे, नुसतं बटण दाबायचं ठेव. आणि पहिल्या पंगतीला जेवून घे, दादा संध्याकाळी पाच वाजता उभ्याउभ्या जिलबी खात होता.

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री एक वाजेपर्यंत वाचत होते. काका, तुमचा अनुभव आईला मोठ्याने वाचून दाखवला.

शेवटचा वाचल्यावर लक्षात आलं की मी एक गोष्ट लिहिलीच नव्हती. करवली मीच आहे. मंगलाष्टका चालू असताना करा घेऊन मला बहिणीच्या मागे उभं राहायचंय, आणि अंतरपाटाचा फोटो काढायलाही मलाच टोकाला उभं राहायचंय. गेले पंधरा दिवस दोन्ही मीच करणार असं धरून चालले होते. सकाळी मावशीला फोन केला, ती म्हणाली करा तुझ्याच हातात राहणार, ते बदलायचं नाही. मग धाकट्या मामेभावाला विचारलं, अकरावीत आहे, हात स्थिर आहे त्याचा. तो हो म्हणालाय. रविवारी संध्याकाळी सात वाजता, मुहूर्ताच्याच वेळेला, आम्ही दोघं हॉलवर जातोय, गुरुजीही येतो म्हणालेत. आईचा शालू आणि एक जुनी चादर बरोबर घेतेय, चादर अंतरपाट म्हणून धरायला.