धुण्याच्या पाण्यावर तगणारी झाडे

कपडे धुतलेल्या पाण्यावर जास्वंदीसह कोणतेही काटक झाड वाढते, असे अनेकदा सांगितले जाते. कर्दळ आणि केळीबाबत ते मान्य असले, तरी अनंत आणि एक्झोरा या दोन फुलझाडांना त्या यादीत धरू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. नेरूळला आमच्या तळमजल्यावरील बागेत दिवाळीपासून कपडे धुण्याच्या यंत्राचे पाणी सोडले, तेव्हा मार्चपर्यंत एक्झोराची कोवळी पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहिल्या होत्या. साबणामुळे माती अल्कधर्मी झाली की मातीत असलेले लोहही मुळांना घेता येत नाही, त्याचे हे लक्षण आहे. त्याच वाफ्यातली कण्हेर आणि बोगनवेल मात्र उत्तम राहिली (कण्हेर विषारी असल्याने लहान मुले असलेल्या घरी ती जपूनच लावावी).

धुण्याच्या पावडरीतले सोडियम मातीत साचते आणि चिकण माती घट्ट होऊन पाणी मुरेनासे होते. आपल्याकडचा जोरदार पाऊस जमिनीतले बरेचसे क्षार धुऊन नेतो, पण छपराखालच्या कुंड्यांना तो लाभ मिळत नाही. त्यांना अधूनमधून भरपूर साधे पाणी द्यावेच लागते.