प्रति: कार्बन फायबर गिटार, ग्वाल्हेरचा मे महिना आणि स्प्रूसचा टॉप

कार्बन फायबरच्या गिटारला लाकडाचा ऊबदार नाद येत नाही, हे वर लिहिलंय ते मला बरंचसं पटतं. पण आमच्या ग्वाल्हेरात आधी गिटार टिकवायची असते. माझ्या गिटारचा टॉप, म्हणजे पुढची फळी, सॉलिड स्प्रूसचा (स्प्रूस हे सूचिपर्णी झाडाचं लाकूड). मे महिन्यात लू, म्हणजे कोरडे उष्ण वारे, चालू असताना ती आठवडाभर उघडी राहिली आणि टॉप खाली बसला, तारा फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) झणझणू लागल्या, फ्रेटची टोकं बोटांना बोचायला लागली. पाऊस लागल्यावर उलटंच: टॉप फुगला, तारा इतक्या वर गेल्या की एका बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागतात तो एफचा बार कॉर्ड दाबवेना. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच, आणि टॉप तर किती पातळ असतो!

ओव्हेशन या गिटार कंपनीचं उदाहरण कुणीतरी दिलंय, त्यात एक गोष्ट राहिली. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामन यांनी १९६६ साली काचतंतू आणि रेझिनची गोल पाठ आणली, पण टॉप स्प्रूसचाच ठेवला. म्हणजे हवामानाने फुगणारा-आकसणारा मुख्य भाग तसाच राहिला. हवामानाचाच त्रास असेल तर टॉपसकट सगळी कार्बन फायबरची घ्यावी. लाकूडच हवं असेल तर टॉरिफाइड टॉप जरूर बघा. कमी प्राणवायूत भाजलेलं ते लाकूड ओल कमी शोषतं. मी सध्या गिटारच्या केसमध्ये हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) ठेवतो आणि आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राखायला धडपडतो. मे महिन्यात ते फार जड जातं.