एनसीसीची एअर विंग नागपुरापुरतीच का? तालुक्याच्या कॉलेजांनी मागायला नको का?

काळीमाती

वायुसेनेत वैमानिक अधिकारी होण्याचा एक रस्ता एनसीसीतून जातो. सीडीएस आणि एएफकॅट या अधिकारी भरतीच्या परीक्षा, त्यांच्या जागांमधल्या १० टक्के जागा एनसीसी स्पेशल एन्ट्रीसाठी असतात. लेखी परीक्षा नाही, थेट निवड मंडळापुढे जायचं. पण एनसीसीचं शेवटचं, म्हणजे 'सी' प्रमाणपत्र एअर विंगचंच लागतं, आर्मी विंगचं 'सी' तिथे चालत नाही.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या तालुका कॉलेजांत एनसीसी आहे, तिथे बहुतेक ठिकाणी ती आर्मी विंगची. एअर स्क्वाड्रन नागपुरात, म्हणजे दीडशे किलोमीटरवर. मुलगा किंवा मुलगी कितीही हुशार असो, तीन वर्षं परेडला एकही दिवस न चुकवता आलेली असो, हा दरवाजा तिच्यासाठी पहिल्या वर्षीच बंद असतो. आणि हे तिला कुणी सांगतही नाही, ही मला जास्त खुपणारी गोष्ट.

माझं म्हणणं असं की कॉलेजांनी एअर विंगच्या तुकडीसाठी अर्ज करावेत. धावपट्टी नाही हे कारण मला पटत नाही. एअर विंगच्या वर्षातले बहुतेक दिवस जमिनीवरच जातात: ड्रिल, उड्डाणाची तत्त्वं, हवामानशास्त्र, इंजिन, दिशादर्शन, एरोमॉडेलिंग म्हणजे विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवणं. मायक्रोलाइट या छोट्या हलक्या विमानातून उड्डाण स्क्वाड्रनच्या ठिकाणी होतं, त्यासाठी मुलांना नेता येतं. तुम्हाला काय वाटतं?

पैनगंगाकाठ

मी पूर्ण विरोधात आहे, आणि कारण धावपट्टीचं नाही.

तुम्ही अर्धीच अट सांगितली. उड्डाण शाखेला बारावीत फिजिक्स आणि गणित दोन्हींत ५० टक्के लागतात, वर पदवीला ६० टक्के. आमच्याकडच्या कनिष्ठ महाविद्यालयात गणिताचे शिक्षक तासिका तत्त्वावर येतात, डिसेंबरपर्यंत अर्धा अभ्यासक्रमही होत नाही. प्रयोगशाळेत वर्नियर कॅलिपर आहे, त्याचा जबडा हलत नाही. अशा ठिकाणी निळा गणवेश आणून काय साधणार? आधी गणिताचा शिक्षक मागा, मग एअर विंग.

दुसरं म्हणजे ड्रिल. त्यातून नेतृत्व घडतं असं एनसीसीवाले म्हणतात, पण मी बघितलं ते असं: कुणी मोठे पाहुणे येणार म्हणून मुलं दोन तास उन्हात उभी. पाहुणे आले, हार झाले, गेले. एक मुलगी चक्कर येऊन पडली. दिवसभर दुसऱ्याच्या हुकमावर वळणारं पोर नेता कसं होतं, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

माजी_सार्जंट

मी सांगतो. गाव हिंगणघाटजवळचं, कॉलेज नागपूरला, विंग एअर.

ड्रिलमध्ये हुकूम पाळणं हा पहिल्या काही महिन्यांचा भाग. दुसऱ्या वर्षी तुमच्या हातात स्क्वाड, म्हणजे कॅडेटांची छोटी तुकडी देतात. तेव्हा कळतं की 'थम' म्हणणं सोपं नाही. हुकूम ठराविक पावलावरच पडला पाहिजे. एक पाऊल उशीर झाला की पुढची ओळ थांबते, मागची चालत राहते आणि तिन्ही ओळी विस्कटतात. चूक कुणाची, ते सगळ्या मैदानाला दिसतं. मग 'जैसे थे' म्हणून पुन्हा सुरुवात. आमच्यात एक बुजरी मुलगी होती, आवाज पहिल्या रांगेच्या पलीकडे जायचा नाही. ड्रिल शिकवणाऱ्या उस्तादांनी तिला मैदानाच्या एका टोकाला आणि स्क्वाडला दुसऱ्या टोकाला उभं केलं. आवाज पोचला नाही तर स्क्वाड सरळ कुंपणात जाणार. पोरी हसल्या नाहीत, कारण उद्या पाळी त्यांची होती. महिनाभरात तिचा आवाज कुंपणापर्यंत पोचला. पुढे गावातल्या ग्रामसभेत पाण्याच्या प्रश्नावर उभी राहून बोलली.

पाहुण्यांसाठी उन्हात उभं करणं चूकच आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही. तो कॉलेजच्या कारभाराचा दोष आहे. तिथल्या एएनओंनी, म्हणजे एनसीसी सांभाळणाऱ्या शिक्षक-अधिकाऱ्यांनी, नाही म्हणायला हवं होतं.

एरोमॉडेलिंगचंही सांगतो. बाल्सा लाकडाचं ग्लायडर हातानं फेकायचं. नाक जड झालं तर खाली आपटतं, शेपूट जड झाली तर वर जाऊन कोसळतं. मग नाकाला थोडी माती लावायची, पुन्हा फेकायचं. गुरुत्वमध्य म्हणजे काय ते मला असं समजलं, पुस्तकातून नाही. पैनगंगाकाठ, तुमच्या प्रयोगशाळेत जे होत नाही त्यातलं थोडं इथे होतं.

पैनगंगाकाठ

त्या मुलीचं पटलं. पण ग्लायडर फेकून बारावीचा पेपर सुटत नाही, माझा मुद्दा तिथेच आहे.

सोयाबीनवाला

म्या बापाच्या बाजूनं बोलतो. माही पोरगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाले हाय. सकाळची पहिली एसटी साडेसहाले गावातून निघते, कॉलेजात पोचते आठले. परेड सातले. सांगा, थे कशी जाईन? सरायनं सांगतलं, रूम करून राहा. रूमचं भाडं कोन देईन?

दुसरं, दहा दिवसाचा कॅम्प. तो ऐन दिवाळीच्या आसपास लागला तं सोयाबीन काढणी अन् कापसाचा वेचा एकाच टायमाले. मजूर भेटत नाई, पोरगी घरी असली तं चार किलो जास्त वेचल्या जाते. मी तिले थांबवत नाई, पन हिशोब तर करा लागते ना? तुमी मोठे लोकं विंगच्या गोष्टी करता, पन एसटीच्या टायमाची गोष्ट कोनीच करत नाई.

काळीमाती

भाऊ, हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. परेडची वेळ देवानं ठरवलेली नाही. शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर सलग परेड ठेवता येते, आणि एसटीनं येणाऱ्यांसाठी तीच ठेवली पाहिजे. गणवेशाचा खर्च तुमच्यावर येणार नाही, त्याचे पैसे कॅडेटच्या बँक खात्यात येतात. कॅम्पच्या तारखा मात्र वरून येतात, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. 'सी' प्रमाणपत्रासाठी कॅम्प लागतोच, तेव्हा एखादा हंगाम तुम्हाला सोसावा लागेल, हे लपवून मी पोरीला बोलावणार नाही.

पैनगंगाकाठ, गणिताचा शिक्षक आधी की एअर विंग आधी, ही निवड आपण आपल्यावरच का लादून घेतो? शहरातल्या कॉलेजांनी दोन्ही मागितलं आणि दोन्ही मिळवलं. वर, तुकडी आली तर गणिताच्या रिकाम्या पदाबद्दल विचारायला एक कारण वाढतं. आज ते पद रिकामं आहे म्हणून गावात कुणाचंच काही अडलेलं दिसत नाही, म्हणून ते भरलंही जात नाही.

वैनगंगेपार

गडचिरोलीहून लिहितेय. २०२० मध्ये एनसीसीच्या मोठ्या विस्ताराची घोषणा झाली, १७३ सीमावर्ती आणि किनारी जिल्ह्यांसाठी, १ लाख कॅडेट. आमच्याकडे ना समुद्र ना आंतरराष्ट्रीय सीमा. त्या यादीत विदर्भ येणारच नव्हता. एनसीसीचे शिक्षक-अधिकारी तयार करणारी अकादमी मात्र कामठीला, म्हणजे आमच्याच विभागात. अमरावतीला बेलोऱ्याला वैमानिक प्रशिक्षण, गोंदियाला बिरसीला वैमानिक प्रशिक्षण. आमच्या डोक्यावरून विमानं उडतात, उडवणारे दुसरीकडचे. पैसे भरून त्या शाळांत जायला लाखो रुपये लागतात. एनसीसीत फी नाही, म्हणूनच ती गावात यायला हवी.

२०२० मध्येच नागपूरची अंतरा मेहता लढाऊ विमानांच्या शाखेत रुजू झाली. आमच्या आश्रमशाळेतल्या मुलींना मी तिचा फोटो दाखवला. पहिला प्रश्न आला, "मॅडम, आपल्याइथून कुठं नाव द्यायचं?" माझ्याकडे पत्ता नव्हता. मला धाग्याचा प्रश्न असा दिसतो.

पैनगंगाकाठ

वैनगंगेपार ताई, तुमच्या मुलींचा प्रश्न मला छळतो आहे. तरी विरोध सोडत नाही. नाव कुठं द्यायचं हे सांगून, बारावीला फिजिक्स नसलेल्या कला शाखेच्या मुलीला तीन वर्षं निळ्या गणवेशात फिरवलं आणि शेवटी 'तुला उड्डाण शाखा नाही' म्हटलं, तर ती फसवणूक आहे. तुकडीत घेताना पहिल्याच दिवशी प्रत्येकाला लेखी सांगा: कोणत्या विषयांवर कोणता रस्ता उघडतो. हे करणार असाल तर अर्जावर माझी सही घ्या.

माजी_सार्जंट

हे रास्त आहे. त्यातच हेही घाला: वैमानिक निवडीची संगणकावरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. एकदा नापास झालं की वैमानिक म्हणून रस्ता संपला. नागपूरच्या मुलांना हे सीनियरकडून कळतं, गावात सीनियरच नसतो. पहिली दोन वर्षं तरी नागपूरच्या माजी कॅडेटांनी शनिवारी तालुक्याला जावं. मी हिंगणघाट-वणी-पांढरकवडा पट्टा घ्यायला तयार आहे.

सोयाबीनवाला

शनवारी दुपारी परेड ठेवत असान तं पोरगी येईन. परतीची गाडी साडेपाचची हाय, थे चुकली तं रातच्याले पोरीले घ्याले मलेच या लागते. साडेपाचच्या आंधी सोडजा.

काळीमाती

पाचला सोडू. अर्जाचा मसुदा सोमवारी प्राचार्यांकडे ठेवतो. पैनगंगाकाठांची विषयांची अट आणि परेडची वेळ, दोन्ही त्यात लिहिलेली असतील.