मोरोक्कोत दोघांनीच, गाडी-ड्रायव्हर घेऊन: कोणी जाऊन आलंय का?

धंतोलीचा_हिशेबनीस

नमस्कार मंडळी. मी आणि बायको, दोघंच, मोरोक्कोला जायचं म्हणून राहिलो. फेब्रुवारी 2027 डोक्यात आहे, कारण मार्चमध्ये आम्हा हिशेबवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते.

ग्रुप टूर नको. मागे एका टूरमध्ये चाळीस माणसांच्या बाथरूमची वाट पाहण्यात अर्धा देश बसमधूनच पाहिला. एका कंपनीकडून फक्त आमच्या दोघांसाठी गाडी आणि ड्रायव्हर, असं कोटेशन मागवलंय. कार्यक्रम असा: कासाब्लांका, रबात, शेफशाउएन, फेस, मेरझूगाचं वाळवंट, दादेसची घळ, वारझाझात, माराकेश आणि परत कासाब्लांका. आठ रात्री.

प्रश्न:
हे धावपळीचं होतंय का? ड्रायव्हर हाच गाइड, असं लिहिलंय, ते पुरतं का? की सरळ गाडी भाड्यानं घेऊन मीच चालवू? पचमढीचा घाट मी डोळे मिटून चालवतो (बायको म्हणते, खरंच मिटून चालवतो). आणि मुख्य म्हणजे बायको पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मी सावजी खाणारा, माझं कुठंही भागतं.

---

चाकावर_पाय

स्वतः चालवा हो, काय ड्रायव्हर घेता! रस्ते चांगले आहेत, गाडी उजव्या बाजूनं चालते, तासाभरात हात बसतो. गावात 60, बाहेर 100, टोलच्या महामार्गावर 120 ही मर्यादा मात्र काटेकोर पाळा. पोलिस रडार घेऊन झाडाआड उभे असतात आणि दंड जागेवर घेतात. फेसच्या जुन्या शहरात गाडी शिरतच नाही, माराकेशच्या बहुतेक गल्ल्यांतही नाही, ती बाहेर पार्किंगला सोडून बॅगा हातगाडीवाल्याकडे द्यायच्या. स्वतःची गाडी असली की मनाला येईल तिथं थांबता येतं. बस, एवढंच सांगायचं होतं.

---

प्रतापनगरची_काकू

भाऊ, आम्ही दोघं असंच गाडी-ड्रायव्हर घेऊन फिरून आलो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वर रस्त्यांबद्दल लिहिलंय ते खरं आहे. पण तुम्ही चालवणार म्हणजे तुमची नजर वळणावर आणि बायकोची मोबाइलच्या नकाशावर. मग डोंगर पाहायचा कोणी? आमच्या ह्यांनी तीस वर्षं गाडी चालवली, शेजारच्या सीटवर बसून खिडकीबाहेर पाहणं त्यांना तिथंच पहिल्यांदा जमलं. पहिला दिवसभर उजवा पाय ब्रेक शोधत होता, ती गोष्ट वेगळी.

आता तुमचा कार्यक्रम. कंपनीनं किलोमीटर लिहून दिले असतील, ते खोडा आणि तास लिहून मागा. फेस ते मेरझूगा साधारण 460 किलोमीटर. समृद्धीवर आठ तासांत माणूस मुंबई गाठतो. तिथं तेवढ्याच वेळात हे 460 होतात, चहा-फोटोचं वेगळं. मध्ये अॅटलसच्या रांगा आहेत, गावं आहेत, मेंढ्या रस्त्यावर आहेत. माराकेशहून वारझाझात दोनशेच किलोमीटर, पण तिझी-न-तिश्का हा 2,260 मीटर उंचीचा घाट पार करायचा, चार तास धरा. हे ठाऊक असलं की आठ रात्रींत नऊ थांबे म्हणजे काय, ते तुम्हीच मोजाल, हिशेबनीस आहात.

माझ्या मते शेफशाउएन सरळ कापा. निळ्या भिंती सुंदर आहेत, नाही कोण म्हणतं, पण ते पार उत्तरेला, रिफच्या डोंगरात आहे. त्याच्यापायी दक्षिणेतला एक मुक्काम जातो आणि गाडीनं जायचं ते दक्षिणेसाठीच. आमचा रस्ता होता कासाब्लांकाहून माराकेश, घाट ओलांडून आईत बेनहद्दू (मातीच्या गढ्यांचं जुनं गाव), दादेस, तोद्राची घळ, मेरझूगा, मग वर फेस. फेसला गाडी सोडली आणि कासाब्लांकाला रेल्वेनं आलो, चार तासांच्या आसपास लागतात, आरामात. यात एक मेख आहे. बहुतेक ड्रायव्हर माराकेशचे असतात. फेसला सोडलं तर रिकामी गाडी परत न्यायचं भाडं कोणाच्या डोक्यावर, हे आधी लिहून घ्या. त्याचं रात्रीचं राहणं-जेवण भाड्यात धरलंय का, तेही.

ड्रायव्हर हाच गाइड, हे अर्धं खरं. गाडीत तो सगळं सांगतो. आमचा अमाझिग (म्हणजे बर्बर, तिथले मूळ रहिवासी) होता, वाळवंटाच्या कडेच्या गावचा, त्या भागातला दगड न् दगड त्याला ठाऊक. पण जुन्या शहरात फिरवून माहिती द्यायला सरकारी परवान्याचा, गळ्यात बिल्ला असलेला गाइड लागतो. ड्रायव्हर तिथं वेशीपाशी थांबतो. फेसमध्ये अर्ध्या दिवसासाठी असा स्थानिक गाइड घ्याच. हजारो गल्ल्या, त्यात गाढवं बोजा घेऊन येतात आणि मागून "बालाक! बालाक!" ऐकू आलं की भिंतीला चिकटायचं. करवीयीन मशीद तिथलीच, 859 साली फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईनं बांधवली असं मानतात. आपल्याला आत सोडत नाहीत, दारातून अंगण दिसतं. आत जाऊन पाहायची मशीद म्हणजे कासाब्लांकाची हसन दुसरे यांची, तिथं तिकीट काढून गाइडबरोबर नेतात. चामडं कमावायच्या हौदांपाशी हातात पुदिन्याची काडी देतात. ती नाकाशी धरायची, चुना आणि कबुतरांची विष्ठा वापरतात तिथं.

आता ड्रायव्हर का घ्यावा त्याचं खरं कारण. तिनजदादच्या पुढे एर्फूदकडे जाताना उघडं माळरान लागतं. आम्ही दोघंही पेंगत होतो. त्यानं काही न विचारता गाडी बाजूला घेतली. रस्त्याकडेला मातीच्या ढिगांची रांग, वारुळांसारखी, सरळ रेषेत दूरवर गेलेली. प्रत्येक ढिगाच्या मधोमध भोक, म्हणजे विहीर. याला खेत्तारा म्हणतात. डोंगरपायथ्याचं भूजल जमिनीखालच्या बोगद्यातून, नुसत्या उतारानं, पंप नाही की बैल नाही, मैलोन् मैल लांबच्या खजुराच्या बागेपर्यंत आणायचं. बोगदा खणायला आणि गाळ काढायला उतरायचं म्हणून या विहिरी, आणि वर टाकलेल्या मातीचे हे ढीग. एकात पायऱ्या केल्यात, खाली उतरलो. वर डोळे दिपत होते, खाली एकदम गार, भिंतीवर कुदळीचे घाव जसेच्या तसे आणि तळाला कोरडी वाळू. पाण्याची पातळी खाली गेली, लोकांनी पंप बसवले, त्यामुळे बऱ्याच खेत्तारा अशा कोरड्या पडल्यात. ड्रायव्हर म्हणाला, त्याच्या आजोबांच्या वाट्याला पाणी तासांवर मोजून यायचं. हे ऐकून आमचे हे काटोलच्या संत्राबागा, बोअर आणि पाळ्या असं जे सुरू झाले ते मेरझूगा येईपर्यंत. दोघांचं इंग्रजी यथातथा, पण पाण्यावरून गप्पा अडल्या नाहीत. स्वतः गाडी चालवली असती तर त्या ढिगांवरून नव्वदच्या वेगानं निघून गेलो असतो.

जेवणाचं: मी पण शाकाहारीच. पोट भरतं, पण जीभ कंटाळते. भाज्यांचा ताजीन सगळीकडे मिळतो: बटाटा, गाजर, झुकिनी, वर ऑलिव्ह, मातीच्या शंकूसारख्या झाकणाखाली शिजवलेला. तो निखाऱ्यावर तासभर तरी घेतो. म्हणून आमचा ड्रायव्हर आधीच पुढच्या ढाब्याला फोन करून सांगायचा की मांसाच्या रश्श्यात नको, पाण्यात शिजव. आयत्या वेळी मागितलं तर मांसाच्या ताजीनमधून तुकडे बाजूला करून देतात, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. तुम्ही स्वतः सांगताना "ब्ला ल्हम, ब्ला दजाज" असं दोन्ही म्हणा, मांस नको आणि कोंबडी पण नको. नुसतं मांस नको म्हटलं की कोंबडी हजर होते! शिवाय सकाळी म्समन मिळतात, चौकोनी पदराचे पराठेच म्हणा ना, मधाबरोबर देतात. बिसारा म्हणजे वाळलेल्या बाकल्याचं दाट सूप, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड, तो थंडीत फार बरा. मसूर आणि शेंगदाण्यांएवढ्या पांढऱ्या घेवड्याची उसळही मिळते, रश्शाचं मात्र विचारून घ्यायचं. तिखट कशालाच नसतं. मी जवसाची चटणी नेली होती, ती यांनीच संपवली.

---

दोह्यातला_नागपूरकर

काकूंनी छान लिहिलंय. पण धंतोलीवाले, तारखेचं कोणीच बोललं नाही. 2027 मध्ये रमजान साधारण 8 फेब्रुवारीला लागतो, चंद्रदर्शनानं एखादा दिवस मागेपुढे, आणि 10 मार्चच्या सुमारास ईद. म्हणजे तुमचा फेब्रुवारी बहुतेक त्यात जातो.

रमजानमध्ये जाऊ नये असं नाही. हॉटेलात जेवण मिळतं, पण रस्त्यावरच्या छोट्या खानावळी दिवसा बंद असतात, आणि शाकाहारी माणसाची गोची तिथंच होते. तुमचा ड्रायव्हरही दिवसभर पाण्याशिवाय असेल. संध्याकाळी सूर्य मावळायच्या वेळी त्याला घाटात ठेवू नका, कुठंतरी टेकू द्या, त्याच्याबरोबर खजूर खा. त्या महिन्यात तिथलं घड्याळही एक तास मागे घेतात, विमानाची वेळ नीट पाहा.

व्हिसा लागतो, ई-व्हिसा मिळतो, अर्ज त्यांच्या सरकारी साइटवरच करा. त्यांचा दिरहम देशाबाहेर सहसा मिळत नाही, तिथं उतरल्यावर बदला किंवा एटीएममधून काढा. नऊ-दहा रुपयांना एक असं धरून चाला. पैसे बदलल्याची पावती जपा, उरलेले परत करताना मागतात. आणि ड्रोन नेऊ नका, विमानतळावरच ठेवून घेतात.

---

धंतोलीचा_हिशेबनीस

बाप रे, रमजानचं लक्षातच आलं नव्हतं, आभार. मग जानेवारीचा शेवट की एप्रिल?

काकू, बायको शेजारी बसून विचारून राहिली: वाळवंटातल्या तंबूत बाथरूमचं काय? उंटावर बसायलाच पाहिजे का, तिची कंबर धरते. आणि ड्रायव्हर लोक गालिचाच्या दुकानात नेऊन बसवतात म्हणे, ते खरं का?

---

प्रतापनगरची_काकू

एप्रिलचा दुसरा पंधरवडा. जानेवारीत तिश्कावर बर्फ पडलं की कधी कधी रस्ता बंद करतात, आणि वाळवंटातली रात्र हाडं गोठवते. एप्रिलमध्ये वारा सुटतो, वाळू उडते, एखादी दुपार खोलीत काढावी लागेल, पण नागपूरच्या एप्रिलपेक्षा सुखाची. नशीब असलं तर केलात म्गूनाकडे गुलाबाची तोडणी सुरू झालेली दिसेल.

तंबूचं म्हणाल तर चांगल्या कॅम्पमध्ये प्रत्येक तंबूला जोडून संडास-बाथरूम असतं. स्वस्तातल्यात सामायिक असतं. कोटेशनमध्ये नुसतं "डेझर्ट कॅम्प" लिहिलं असेल तर फोटो मागा, आणि तंबूचा नको, बाथरूमचा मागा.

उंट अजिबात सक्तीचा नाही. तो उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे आपण तोंडावर जातो, मग पुढचे पाय, की मागे झोकांडी. कंबर धरत असेल तर वहिनींना जीपनं पाठवा, कॅम्पपर्यंत जाते. मी जीपनंच गेले. हे उंटावरून आले आणि दोन दिवस फेंगडे चालले. मेरझूगाला एकाऐवजी दोन रात्री घ्या, एक कॅम्पमध्ये आणि एक गावातल्या पक्क्या खोलीत. तिथल्या एर्ग शेब्बीच्या वाळूच्या टेकड्या दीडशे मीटरपर्यंत उंच आहेत, पहाटे अनवाणी चढा, बूट वाळूनं भरतात.

दुकानाचं खरं आहे. ड्रायव्हरला कमिशन मिळतं, सगळ्यांनाच ठाऊक आहे. आम्ही पहिल्याच सकाळी हसत सांगितलं, गालिचा घ्यायचा नाही, पण जीवाश्म पाहायचे आहेत. त्यानं एर्फूदच्या कारखान्यात नेलं. काळ्या दगडात पांढरे, टोकदार ऑर्थोसेरास (सरळ शंखाचे समुद्री जीव), 35 कोटी वर्षांहून जुने, आणि त्या दगडाचे कापून वॉश बेसिन करतात, बाप्पा! कारागीर पाण्याचा फवारा मारून दगड घासतो, तसतसा तो जीव आतून वर येत जातो. वेगळे सुटे ट्रायलोबाइट (किड्यासारख्या समुद्री जीवांचे जीवाश्म) विकतात त्यांत राळेचे नकली फार. सुईचं टोक लावून पाहायला मागा. खरा असेल तर दुकानदार हो म्हणतो, नकली असेल तर चहा मागवतो.

कोटेशन सुधारून आलं की इथंच टाका, भाव बघू. आणि ड्रायव्हरची बक्षिसी त्यात धरलेली नसते, ती वेगळी बाजूला काढून ठेवा, रोजच्या रोज देऊ नका, शेवटी एकदम द्या.