सारखी नवीन सिस्टीम, जुनं काम डोक्यावर तसंच. बोलावं तरी कसं?

वैतागराव:
मंडळी, जरा भडास काढतोय. एका सॉफ्टवेअरवर हात बसतो न बसतो तोच दुसरं येतं, जुना डेटा नव्यात आलेलाच नसतो, मग तोच रिपोर्ट दोन्हीकडे भरा आणि वर एक्सेलमध्ये पण द्या कारण साहेबांना तिथेच बघायची सवय. का बदललं विचारलं की "वरून आलंय". त्यात टीम फोडली, आता काम एक जण देतो, रजा दुसरा मंजूर करतो आणि अप्रेझल तिसराच करणार, ज्याने माझं काम कधी बघितलेलंच नाही. नोकरी सोडायची नाहीये सध्या. पण बोललो की निगेटिव्ह म्हणून शिक्का बसतो, काय करू?

फाईलबहाद्दर:
हे जुनंच दुखणं आहे. हार्वर्डच्या जॉन कॉटर या मॅनेजमेंटच्या प्राध्यापकाने 1995 मध्येच लिहिलंय, बदल का करतोय हे लोकांना गरजेपेक्षा दहापट कमी सांगतात आणि तो रुजायच्या आधीच जिंकलो म्हणून मोकळे होतात. तुम्ही सिस्टीम चांगली की वाईट या वादात पडूच नका. एकच विचारा, जुनी कोणत्या तारखेला बंद होणार? आणि हे मेलवर विचारा, तोंडी नाही. डबल एंट्रीत रोज किती वेळ जातो तेही त्यातच लिहा, कारण वरच्यांना नवीन आणल्याचं श्रेय मिळतं, जुनं बंद करायचं कोणाला मिळत नाही म्हणून ते तसंच लटकत राहतं.

कडूकारलं:
मेलने काही होत नाही हो. मी विचारलं तर उत्तर आलं "लवकरच" 😂 शेवटी मीच एक्सेल पाठवणं बंद केलं आणि गंमत म्हणजे कोणी विचारलंसुद्धा नाही.

मधलाफळी:
मी टीम लीड आहे, शिव्या घाला पण आम्हालाही मीटिंगच्या आदल्या रात्री कळतं. गॅलप ही सर्व्हे करणारी कंपनी म्हणते टीमाटीमांत कामाचा जो उत्साह कमीजास्त दिसतो त्यातला किमान 70 टक्के फरक मॅनेजरमुळे पडतो, आता मॅनेजरलाच काही माहीत नसेल तर तो उत्साह काय कपाळ देणार? तारखेचा मेल मात्र पाठवाच, मला पुढे फॉरवर्ड करायला काहीतरी मिळतं.

वैतागराव:
तारीख विचारतो. एक्सेल गुपचूप बंद करायची हिंमत नाही आपली. पण अप्रेझलचं कोणी बोललंच नाही?

फाईलबहाद्दर:
महिनाअखेरीला काय काय केलं ते चार ओळीत त्या तिसऱ्या साहेबांना पाठवत जा, काम देणाऱ्याला सीसीत ठेवून. उत्तर नाही आलं तरी चालेल.