अनुभव धागा: तुमच्याकडचा ईस्टर

केळीचं_बन
काल लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरची छोकरी भेटली. हातात नारळाच्या झावळीचा एवढासा क्रूस. मी वसईची, आता पुण्यात, त्यामुळे मला त्या क्रूसाकडे बघून एकदम माहेर आठवलं.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी बाबा माडावरून कोवळी, पिवळट झावळी उतरवायचे. आजी लाल चौकड्यांच्या लुगड्यात ओट्यावर बसायची. पात चिरून हीर काढायचा, एक पट्टी उभी, एक आडवी, घडी घालून टोक आतून ओढलं की झाला क्रूस, गाठबिठ काही नाही. आळीतली सगळी पोरं रांगेत. मिस्सेत (चर्चमधल्या प्रार्थनाविधीत) आशीर्वाद मिळालेली झावळी वर्षभर तसबिरीमागे खोचलेली असायची. पुढल्या वर्षी तीच सुकलेली झावळी चर्चमध्ये परत द्यायची, ती जाळून राखेच्या बुधवारी तीच राख कपाळाला. तिथून पुढे उपासाचे दिवस. त्या दिवसांत लग्न नाही, बँडबाजा नाही. ईस्टर झाला रे झाला की पत्रिकांचा ढीग!

तुमच्याकडे काय चालायचं ते लिहा. शेजाऱ्यांकडे बघितलेलं, खाल्लेलं पण चालेल.

टवाळ_पोर
खाल्लेलं चालेल म्हणताय म्हणून लिहितो. वांद्र्याच्या शाळेत होतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी मार्झिपानची गुलाबी-हिरवी अंडी डब्यात यायची. इतिहासाच्या तासाला बाकाखाली अर्धा वर्ग गुलाबी जिभेचा. बास, एवढाच माझा धार्मिक अनुभव.

नगरी_मिसळ
अहिल्यानगर. आम्ही प्रोटेस्टंट, त्यामुळे झावळ्या आहेत पण राख नाही. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन चर्च. क्रूसावरचे सात उद्गार, प्रत्येकावर वेगळ्या माणसाचा संदेश, आणि प्रत्येकाला वाटायचं मुख्य वक्ता आपणच. नगरचं ऊन, वर पत्रा, पंखे नुसते फिरतायत. पाचवा उद्गार "मला तहान लागली आहे". तो आला की आम्ही पोरं माना वळवून बाहेरच्या माठाकडे. आईचा चिमटा ठरलेला.

खरा सण रविवारी. आदल्या दिवशी कब्रस्तानात जाऊन कबरी धुवायच्या, गवत उपटायचं. पहाटे अंधारातच सगळे तिथे. आजोबांच्या कबरीवर मेणबत्ती, मग पेटी-तबल्यावर भजनं. उजाडायला लागलं की पाळक म्हणणार "प्रभू उठला आहे" आणि आम्ही "खरोखर उठला आहे". थंडी वाजायची हो पहाटेची, मार्च-एप्रिल असून. नंतर चहा-पाव. त्या चहाची चव घरच्या चहाला नाही.

मृण्मयी_प
@नगरी_मिसळ माठ 😂😂 
कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते

शंकासुर
नाताळ कसा 25 डिसेंबरला गपगुमान येतो. हा ईस्टर दरवर्षी का पळतो? कालनिर्णय नसेल तर कळायचं कसं?

पंचांगी_काका
@शंकासुर सोपं आहे. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. सन 325 च्या निकियाच्या परिषदेत सगळ्यांनी एकाच रविवारी सण करावा असं ठरलं. येशूचं क्रूसावर जाणं घडलं ते ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत, आणि तो सण पौर्णिमेचा. म्हणून ईस्टर चंद्राला बांधलेला. 22 मार्च ते 25 एप्रिलच्या बाहेर जात नाही.

यंदा 2026 ला बघा, हनुमान जयंती 2 एप्रिल गुरुवारी, गुड फ्रायडे 3 ला, ईस्टर 5 ला. 2024 ला मात्र फाल्गुनातली पौर्णिमा लागू पडली, होळीनंतरच्या रविवारी 31 मार्चला ईस्टर. आणखी गंमत, चर्च आकाशात बघत नाही, तक्ता वापरतं. 2025 ला तक्त्यातली पौर्णिमा 13 एप्रिलला, नेमकी रविवारी पडली. अशा वेळी पुढचा रविवार धरतात, म्हणून 20 एप्रिल. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चेस जुनं ज्युलियन कॅलेंडर धरतात, त्यांचा बहुतेकदा वेगळा येतो. 2025 ला दोन्ही एकाच दिवशी आले होते. आमच्याकडे अधिक महिन्यावरून भांडतात, त्यांच्याकडे यावरून.

शंकासुर
काका, सोपं आहे म्हणालात 🙏

रेवदंड्याची_सून
वल्हांडणावरून आठवलं. सासरी शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, कुटुंब होतं, पुढे ते इस्राएलला गेले. सण आला की घराला चुना, भांड्यांना कल्हई. कल्हईवाला त्यांच्या अंगणात बसला की आमच्या सासूबाई पण आपली पातेली घेऊन हजर. खमीर घातलेलं काही त्या दिवसांत घरात ठेवायचे नाहीत. अंगणात कल्हईचा तो नवसागराचा धूर आणि खोकणारी आम्ही सगळी.

गावठी_पाव
गोवा. आम्ही हिंदू, पण आजोळ गोवा वेल्हाला, त्यामुळे संतांची मिरवणूक आमचीच. उपासकाळातल्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांचे पुतळे खांद्यावरून निघतात. फेरीत आजी हातपंखा घ्यायची. गेल्या वर्षीचा धड असला तरी नवा.

आणि गुरुवार रात्रीपासून चर्चच्या घंटा बंद. त्याऐवजी मात्राक, म्हणजे लाकडी फळी, तिच्यावर हलणारा लोखंडी दांडा, फिरवली की खडखडखड. मामाच्या मित्राच्या हातात ती असायची आणि तो दोन दिवस गावचा राजा! शुक्रवारी त्यांच्याकडे पेज. आमच्याकडेही पेजच, पण ती रोजचीच होती 😄

मृण्मयी_प
आले. माझं माहेर पण वसई, @केळीचं_बन कुठली गं तू? आम्ही नंदाखालकडच्या.

मला आवडते ती शनिवारची रात्र. चर्चमधले दिवे बंद, बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची भली मोठी मेणबत्ती. तिच्यावर चालू सालाचे आकडे कोरलेले असतात आणि लोबानाचे पाच खडे खोचलेले, पाच जखमांचे. मग त्या ज्योतीवरून एकेकाची मेणबत्ती पेटत जाते आणि अख्खं चर्च उजळतं. ग्लोरिया हे स्तुतिगीत सुरू झालं की दोन दिवस मुक्या असलेल्या घंटा एकदम! आणि त्याच गर्दीत मागच्या बाईने माझ्या नव्या सिल्कच्या साडीवर मेण सांडलं. अजून डाग आहे.

केळीचं_बन
@मृण्मयी_प अगं मी पापडीची! व्यनि करते.
मेण सुकलं की नखाने खरवडायचं, मग खाली-वर टिपकागद ठेवून कोमट इस्त्री. सिल्कवर जपून.

मृण्मयी_प
आता काय, साडी बहिणीने नेली

व्रोत्सवाफ_डायरी
पोलंडमधून. इथे शनिवारी लोक छोटी टोपली सजवून चर्चमध्ये नेतात, रंगवलेली अंडी, पाव, मीठ, सॉसेज, लोण्याचं कोकरू. आशीर्वाद घेऊन रविवारी सकाळी तेच खायचं.

पण मला कुणी सोमवारचं सांगितलंच नव्हतं. ईस्टरच्या सोमवारी एकमेकांवर पाणी ओततात, श्मिगुस-दिंगुस म्हणतात. सकाळी दूध आणायला निघालो, तर जिन्यात शेजारच्या पोराने पिचकारी रिकामी केली. आपली रंगपंचमीच, फक्त रंग नाही आणि तापमान पाच. शिवाय दुकानं बंद, म्हणजे दूध पण नाही.

पंचगंगा_काठ
@व्रोत्सवाफ_डायरी दादा, पोलंड म्हटल्यावर कोल्हापूरकर गप्प कसा बसेल. दुसऱ्या महायुद्धात आमच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, 1943 ते 48, पाचेक हजार माणसं. आजीचं माहेर तिथलं. ती सांगायची, होळी झाली की त्या गोऱ्या बायका अंडी मागायला यायच्या, हातानं खुणा करून. कोंबडीवाल्यांची चांदी.

टवाळ_पोर
पण अंडीच का? कुणी सांगेल का, का नुसतंच खायचं?

गावठी_पाव
युरोपात पूर्वी चाळीस दिवसांच्या उपासात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्या काही उपास पाळत नाहीत. साठलेली अंडी उकडायची, रंगवायची, ईस्टरला फस्त करायची. कवच फोडून जीव बाहेर येतो म्हणून पुनरुत्थानाची खूण हेही आहेच. ग्रीक लोक लाल रंगवतात आणि एकमेकांच्या अंड्यावर आपटतात, ज्याचं फुटलं नाही तो जिंकला.

नगरी_मिसळ
आमच्या रविवारच्या शाळेत कांद्याच्या सालीत उकडायचे. मस्त विटकरी रंग. बाई मागे लागायच्या, सालं आणा सालं आणा.

कोची_ते_कोथरूड
नवरा केरळचा सीरियन ख्रिश्चन. गुरुवारी रात्री पेसहा अप्पम, यीस्ट न घालता. वर झावळीचा क्रूस ठेवून वाफवायचा, घरातल्या थोरल्याने तोडायचा, नारळाचं दूध आणि गूळ यांच्या गोड रसात (त्याला ते 'पाल' म्हणतात) बुडवून खायचा. पहिल्या वर्षी मी सवयीने इडलीसारखं पीठ आंबवायला ठेवत होते, सासूबाईंनी पातेलं काढून घेतलं 😅

मृण्मयी_प
गुरुवारी चर्चमध्ये फादर लोकांचे पाय धुतात ते कुणी लिहिलंच नाही. येशूने बारा शिष्यांचे धुतले म्हणून पूर्वी बारा पुरुषच बसायचे. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी बायकांनाही परवानगी दिली. आमच्या काकूचा नंबर लागला तेव्हा तिने आधी पार्लरमध्ये जाऊन पेडिक्युअर केलं!! "फादर काय म्हणतील" म्हणे.

केळीचं_बन
😂😂 काकूंना माझा दंडवत

रेवदंड्याची_सून
ते मार्झिपान घरी जमतं का कुणाला? नातीला हवंय, दुकानात फार महाग.

गावठी_पाव
जमतं की ताई. काजूची बारीक पूड, साखर, अंड्याचा पांढरा भाग, थोडं गुलाबपाणी. मंद आचेवर सारखं ढवळा, कडा सोडायला लागलं की उतरवा. कोमट असताना मळून साच्यात दाबा. काजू भिजवू नका, कोरडेच दळा आणि मिक्सर थांबत थांबत, नाहीतर तेल सुटतं.

रेवदंड्याची_सून
साचा नाहीये. चमच्याने होईल का?

टवाळ_पोर
होईल. वाकडी झालेली अंडी इकडे पाठवा.