बंड्या फाटकाखालून उकरून पळतो, साखळीने बांधू का?

मळ्यातली: आम्ही जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या पुढे मळ्यात राहतो. घराला तीन बाजूंनी ऊस. बंड्या आमचा कुत्रा, दोन वर्षांचा, गावठी. दिवेलागणीला मी धारा काढायला बसले की फाटकाखालची माती उकरतो आणि पोट घासत निसटतो. परवा आला तो रात्री साडेअकराला, कान फाटलेला, गळ्यात पट्टा नाही. आबा म्हणतात, साखळीनं बांध. पण श्रावणात शेजारच्या वस्तीवरचा कुत्रा ओट्याच्या खांबाला बांधलेला होता, तिथूनच बिबट्याने नेला. सकाळी साखळी तशीच, तिला पट्टा अडकलेला, बक्कल लावलेलंच. मी ते हातात घेऊन पाहिलं. तेव्हापासून बंड्याला बांधायला हात धजत नाही. मोकळा ठेवला तर पळतो. काय करू?

प्रवरेकाठी: रात्री घरात घ्या, दुसरा उपाय नाही.

मळ्यातली: घरात कुत्रं आबांना चालत नाही, आणि या वयात त्यांच्याशी वाद नको वाटतो.

संगमनेरी: ताई, साखळी नकोच. मोकळा कुत्रा निदान पळेल, ओट्यावर चढेल, बांधलेल्याला तेवढीही वाट उरत नाही. माझी राणी अशीच गेली, म्हणून एवढं लिहितोय. बिबट्या वस्तीजवळ येतो तो बऱ्याचदा कुत्र्यासाठीच. आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात अभ्यास झाला होता, त्यात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने 39 टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला.

पिंजरा करून घ्या. सहा बाय चार फूट, लोखंडी अँगलचा, चारी बाजूंना जाड वेल्डमेश. कोंबड्यांची जाळी चालणार नाही, पंजाने फाटते. आणि वरून छत हवंच, पत्रा ठोका. आमच्याकडे एकाने चारी बाजू भक्कम केल्या, वरती उघडं ठेवलं, बिबट्या वरून उतरला. खाली कोबा करा, म्हणजे उकरता येणार नाही. कडीला खिट्टी घाला, नुसती कडी कुत्रा नाकाने सरकवतो. पिंजरा घराच्या भिंतीला लागून ठेवा, उसाकडे नको.

फाटकाखाली शहाबादी फरशी उभी गाडा, दीड फूट खोल. पण खरी गोष्ट वेळेची आहे. तुमच्या धारांची वेळ हीच त्याची पळायची वेळ. धारेला बसायच्या आधी त्याची भाकरी पिंजऱ्यात ठेवा, आत गेला की दार लावा, मग बादली उचला. तोडणी सुरू झाली की बिबट्या उसातून बाहेर पडतो, त्याच्या आत हे करून घ्या.

गोठ्यातला_डॉक्टर: कान कुणी फाडला ते माहीत नाही ना? मग जखम आत्ताच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हातात मोजे घाला आणि रेबीजच्या लसीसाठी उद्याच पशुवैद्यकाकडे न्या. आधी लस दिलेली असली तरी न्या. जाता येत नसेल तर 1962 या जनावरांच्या उपचारासाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. जखमेला हात लावणाऱ्यांनीही दवाखान्यात विचारावं. दोन वर्षांचा नर माद्यांच्या मागे भटकतो, नसबंदी केलीत तर हे बऱ्याचदा कमी होतं. नवा पट्टा घालताना आत दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवा.

मळ्यातली: लस झाली. डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही इंजेक्शनं घ्यायला लावली. पिंजरा काल संध्याकाळी बसला, 'हे' दिवसभर वेल्डरकडे उभे होते. भाकरीला दूध लावून ठेवलं, बंड्या आत गेला, मी खिट्टी घातली. तासभर दाराशी नाक लावून कण्हत होता. मग आबा उठले, गोठ्यातलं कोरडं गोणपाट जाळीखालून आत सरकवलं आणि तिथेच उकिडवे बसून राहिले, तो झोपेपर्यंत. फरशी रविवारी गाडतोय.